निव्वळ वजन

ताकोराडीचं बंदर तीन किलोमीटरवर राहतं
तिथे वजनकाट्याची खोली: एक खिडकी, एक पंखा,
रात्रपाळीला मी, मान्सा एसिल्फी.
कोकोचे ट्रक येतात, काट्यावर चढतात, उसासा टाकतात.
भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा,
उरतं ते निव्वळ.
पावती तीन प्रतींत. पांढरी कंपनीला, गुलाबी ड्रायव्हरला,
पिवळी माझ्याकडे, खिळ्याला.

पिवळ्या पावतीची पाठ कोरी असते.
अकरा वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
माझ्याही.

दोन ट्रकांच्या मधल्या वेळात लिहिते.
कधी चार ओळी, कधी एक शब्द,
कधी नुसता स्वल्पविराम, आणि हॉर्न.
म्हणून माझ्या कादंबरीतली माणसं
वाक्य अर्धवट टाकून उठतात.
धाकट्या भावाने विचारलं, ही शैली आहे का?
हो म्हटलं. तेवढ्यात सुचलं ते उत्तर.

पहाटे तीन ते चार मात्र पेन झाकून ठेवते.
त्या तासाला सुचतं ते फार सुंदर असतं
आणि सकाळी दात घासताना खोटं निघतं.

छापायचा बेत पक्का आहे.
मार्केट सर्कलच्या मागे मिस्टर बायडूंचा छापखाना,
अंत्यविधीच्या पुस्तिका छापतात, चकचकीत कागदावर.
तीनशे प्रती, म्हणाले, निम्मे पैसे आधी.
नमुन्याचं मुखपृष्ठ दाखवलं:
माझा फोटो, खाली माझं नाव,
आणि सवयीने
दोन तारखांसाठी सोडलेली जागा.
पहिली तारीख भरली मी. दुसरीवर म्हटलं,
इथे किंमत टाका.

रोज संध्याकाळी दारावर बचत न्यायला येणाऱ्या पोराला
पाच सेडी देते, तो वहीत फुली मारतो.
चर्चच्या गायनमंडळातल्या मावश्या पन्नास प्रती घेतील,
वाचणार नाहीत, पण घेतील, आणि
आपण त्यात कुठे आहोत ते शोधतील.
शाळा वीस. भाऊ दोन, उधारीवर.
उरलेल्या पलंगाखाली.
पलंगाखालची उंची मोजून ठेवली आहे.

मग चौदावं प्रकरण हरवलं.
एका रात्री रांग लांब होती, घाईत
गुलाबी प्रतीच्या पाठीवर लिहून गेले
आणि तीच खिडकीतून बाहेर दिली.
नवरा ट्रक घेऊन उत्तरेला निघतो, उतारावर ब्रेक जातात:
एवढं सगळं एका पावतीवर, बारीक अक्षरात.
पुन्हा लिहायला बसले तर
नवरा घराबाहेरच पडेना.

नवव्या दिवशी इसाहाकूचा ट्रक काट्यावर चढला.
खिडकीतून गुलाबी कागद आत आला,
घडीवर डिझेलचा अंगठा.
बाई, तो म्हणाला,
भरलेली गाडी उताराला न्यूट्रलमध्ये कुणी टाकत नाही.
असा चालवणारा मेलाच पाहिजे.
मी गप्प.
मेला का?
म्हटलं, अजून ठरलं नाही.
त्याने इंजिन बंद केलं. काट्यावरच.
मागे चार ट्रक, चार तऱ्हांचे हॉर्न.

समोर लाल आकडे स्थिर: एक्केचाळीस हजार दोनशे साठ.
हा काटा वीस किलोच्या खालचं काही ओळखत नाही.
कागद आत आला, आकडा हलला नाही.
इसाहाकू मात्र हलायला तयार नव्हता.
आणि डिझेल? त्याने विचारलं.
एवढ्या लांब निघालाय, भरतो कुठे?

चौदा प्रकरणं झाली होती, मी त्याच्या बायकोचे
तीन गर्भपात लिहिले होते, सासूची झोप लिहिली होती,
आणि टाकी एकदाही भरली नव्हती.

खिळ्यावरून एक पिवळी पावती ओढली.
आता नवरा टेचिमनला थांबतो.
तिथला पंपवाला त्याला ओळखतो,
सुट्टे नाहीत म्हणतो, आणि बायकोबद्दल विचारतो.